अस्वल पहिल्या नंबरावर का होतं

पुस्तकं लिहायला लागण्याआधी मी प्रोग्राम लिहीत असे. आजवरच्या माझ्या लिखाणात सगळ्यात जास्त वजन कशाला आलं असेल, तर त्या काळातल्या चार ओळींना. त्या ओळी कुणी वाचल्या नाहीत, पण पाळल्या मात्र पुष्कळ जणांनी. त्यांनी एका नाचणाऱ्या अस्वलाला कित्येक महिने पहिल्या नंबरावर बसवून ठेवलं आणि एका बाईची नोकरी जायची वेळ आणली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यात शिकून मी बंगळूरला आले ती थेट इंदिरानगरात, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर थाटलेल्या कंपनीत. खाली घरमालक राहायचे आणि आमची खुर्ची जरा जोरात सरकली की छताला काठी ठोकायचे. आम्ही नऊ जण होतो. धंदा शुभेच्छापत्रांचा, पण कागदाच्या नव्हे. आमच्या वेबसाइटवर यायचं, एक हलतं चित्र निवडायचं, खाली दोन ओळी लिहायच्या आणि ज्याला पाठवायचं त्याचा ई-मेल पत्ता टाकायचा. समोरच्याला मेल जायची, ती उघडली की चित्र नाचायला लागायचं. आज हे सांगताना माझी मुलगी माझ्याकडे दयेनं बघते. तेव्हा लोक त्या नाचासाठी सायबर कॅफेत नंबर लावून बसत.

कंपनीचा मालक, म्हणजे आमचा बॉस, नागपूरचा. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. दिवसभर इंग्रजी आणि हिंदीत बोलायचा, पण चिडला की त्याच्या तोंडून नागपूर बाहेर यायचं. व्हाइटफील्डच्या नव्या आयटी पार्कात एक अख्खा मजला घ्यायचा हे त्याचं स्वप्न होतं, आणि दर सोमवारी ते तो आम्हाला नव्यानं सांगायचा.

चित्रं काढायला दोघी होत्या. एक आर्ट कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी आणि दुसऱ्या अक्का. अक्कांचं वय पंचेचाळिशीच्या पुढं. त्यांचं घराणं चार पिढ्या बंगळुरात, चिकपेटेत कापडाचं दुकान. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि दोन्हींच्या मध्ये कुठंतरी अक्कांची स्वतःची भाषा. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हणाले, "अक्का, तुमचं मराठी किती गोड आहे." त्या म्हणाल्या, "गोड म्हंजे चुकीचं म्हणायचंय तुला. सरी, म्हण की." सरी म्हणजे कन्नडमधलं 'बरं'. मी पुणेकर असूनही त्या दिवशी गप्प बसले.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. थोरल्या भावाच्या घरात राहायच्या आणि वीस वर्षं दुकानाच्या माळ्यावर बसून सेलच्या पाट्या आणि साड्यांच्या खोक्यांवरची वेलबुट्टी रंगवत होत्या. आमची जाहिरात बघून त्या चित्रांची गुंडाळी काखेत मारून एकट्या आल्या होत्या. भाऊ, म्हणजे त्यांचा अण्णा, निघताना म्हणाला होता, "जा. सा महिन्यांत परत येशील. माळा कुठं जात नाही." हे त्या मला हसत हसत सांगायच्या. कागदावर त्यांचा हात सरसर चालायचा, पण माउस धरला की जीभ दातांखाली जायची. तरी चार महिन्यांत त्यांनी चित्रं हलवायला शिकून घेतलं. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा, आणि तो मी त्यांना कधी बोलून दाखवला नाही, याचं आता वाईट वाटतं.

साइट सुरू झाली त्या दिवशी आम्ही कम्प्युटरांना हळदकुंकू लावलं, दारात कोहळा फोडला आणि पडद्याकडे बघत बसलो. तासभर झाला, कुणी फिरकेना. बॉसचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा अक्का म्हणाल्या, "बोणी झाल्याबिगर गिऱ्हाईक कसं येईल? आपणच करू बोणी." आपण ज्याला भवानी म्हणतो, दुकानातली दिवसाची पहिली विक्री, तिला त्या बोणी म्हणायच्या. "आणि बोणीला माल निवडत बसायचं नाही," त्यांनी बजावलं, "समोर असंल ते उचलायचं."

समोर अस्वल होतं. मग आम्ही नऊ जणांनी आपापल्या शेजारच्या टेबलावर एकेक अस्वल पाठवलं. दुपारी बाहेरचं पहिलं गिऱ्हाईक आलं, त्यानंही अस्वलच पाठवलं. भवानी पावली. तेव्हापासून ऑफिसात तो रिवाजच पडला. सकाळी येऊन खुर्चीत बसलं की आधी एक अस्वल शेजाऱ्याला, मग कॉफी. मला तर साइट नीट चालतेय की नाही हेही बघायचं असे, म्हणून मी दिवसातून सात-आठदा स्वतःलाच एक कार्ड पाठवायची. तेही पहिलंच. खाली सरकत कोण बसणार?

साइटच्या पहिल्या पानावर दहा चित्रांची यादी होती आणि तिच्या डोक्यावर 'लोकांची पसंती' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. ती यादी लावणाऱ्या चार ओळी माझ्या. जे कार्ड सुरुवातीपासून सगळ्यात जास्त वेळा पाठवलं गेलं ते वर, त्याहून कमी ते त्याच्या खाली. यात काय चूक असणार, असंच मला वाटत होतं. कुणाची बाजू घेतलेली नाही, निव्वळ मोजणी.

अस्वल पहिलं आलं आणि पहिलंच राहिलं. बॉस खूश झाला. "पब्लिकला अस्वल पाहिजे," तो म्हणाला, "आपण कोण नाही म्हणणारे?" मग वाढदिवसाचं अस्वल आलं, छत्रीतलं अस्वल आलं, दिवाळीला फुलबाजी धरलेलं अस्वल आलं. कॉलेजातली मुलगी अस्वलं झरझर काढायची. अक्कांनीही काढून बघितली, पण त्यांचं अस्वल दरवेळी गल्ल्यावर बसलेल्या शेठजीसारखं दिसायचं. "अण्णाच आलाय बघ," त्या म्हणायच्या आणि आम्ही दोघी खो खो हसायचो. खालून काठी वाजायची.

त्यांची स्वतःची चित्रं वेगळी होती. मला त्यांतलं एक फार आवडायचं. एक स्टीलचं ताट, त्यात आधी भात पडतो, मग त्यावर सार, मग कडेला लोणचं. शेवटी बांगड्या घातलेला एक हात पापड ठेवतो आणि प्रश्न उमटतो, 'ऊटा आय्ता?' म्हणजे कन्नडमध्ये 'जेवण झालं का?' बंगळुरात भेटलं की लोक हेच विचारतात, रिक्षावालासुद्धा. बॉसनं ते बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अक्का, 'जेवला का' कोण पाठवते? कार्ड म्हणजे कसं, लव्ह पाहिजे, कॉमेडी पाहिजे." कार्ड साइटवर लागलं, पण चौथ्या पानावर. तेव्हा फोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं आणि एक पान उघडेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा. चौथ्या पानापर्यंत जाण्याएवढा संयम कुणाच्यात नव्हता.

एका सोमवारी बॉसनं व्हाइटफील्डचं नाव काढलं नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं. तो म्हणाला, दोन चित्रकार परवडत नाहीत, महिनाअखेरीला एकच ठेवू. कुणाला ठेवायचं ते तो ठरवणार नव्हता. "लिस्ट ठरवेल. जिचं कार्ड पहिल्या दहात नाही, तिला थांबावं लागेल. माझा काही राग नाही कुणावर. लोकांनीच निवडलं, मी काय करू?"

पहिल्या दहात सहा अस्वलं होती, उरलेली चारही त्या मुलीची. ती बिचारी खाली मान घालून बसली. दुपारी डबा खाताना अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला माळ्यावर परत जायचं नाही गं. तिथं वीस वर्षं काढली. खाली दुकानात गर्दी असायची, पण ती वेलबुट्टी कुणी काढली हे कुणी विचारलं नाही. इथं चित्राखाली माझं नाव येतं. ते बघायला मी सकाळी लवकर येते." मी म्हणाले, "अक्का, लोकांना चांगलं कळत नाही." त्या म्हणाल्या, "लोकांना नावं ठेवू नको. लोकांनी बघितलंय तरी कुठं?"

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. मी अशीच आहे, दुसऱ्याचं शहाणपण माझ्या डोक्यात शिरायला दोन-तीन दिवस घेतं.

गुरुवारी माझी मेलपेटी भरली. जागा संपली, जुन्या मेल काढून टाका, असा निरोप येऊ लागला. मी पुसायला बसले. अस्वल, अस्वल, अस्वल. पाठवणारी मी, घेणारी मी. मधूनच शेजारच्या टेबलाची भवानी. पुसता पुसता हात दुखायला लागला आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं. ही सगळी अस्वलं माझ्या त्या चार ओळींनी मोजली होती! प्रोग्रामला काय कळतंय, पाठवणारं गिऱ्हाईक आहे की घरचंच माणूस?

मी नोंदी काढल्या. पहिल्या दोन महिन्यांत गेलेल्या अस्वलांतली निम्म्याहून जास्त आमच्याच ऑफिसच्या पत्त्यांवर आलेली होती. त्या ढिगामुळं अस्वल वर राहिलं, वर दिसलं म्हणून बाहेरच्यांनी तेच उचललं, आणि त्यांनी उचललं म्हणून ते आणखी वर. आणि मुळात ते पहिल्या दिवशी वर कसं आलं? त्या दिवशी तर सगळ्यांचाच आकडा शून्य होता. ते शोधल्यावर मी कपाळावर हात मारला. तयार चित्रांची एक सीडी आम्ही विकत आणली होती, तिच्यातली चित्रं आधी चढवली, आणि अस्वलाच्या फाइलचा नंबर एक होता. बस, एवढंच. लोकांची पसंती कसली नि कसलं काय.

अक्कांना हे सांगताना माझी जीभ अडखळली, कारण यातली एक गोष्ट त्यांना फार लागणार होती. सगळ्यात नेमानं भवानी करणाऱ्या त्याच होत्या. एक दिवस चुकवला नव्हता. बस उशिरा आली तरी पर्स खांद्यावर ठेवून आधी अस्वल, मग पदर सारखा करणं.

"म्हंजे माझ्याच हातानं?" त्या म्हणाल्या.

"तुमच्या एकटीच्या नाही अक्का. माझ्याच जास्त."

त्या 'स्वल्प' हसल्या, थोडंसं म्हणायला त्यांचा हा शब्द. मला स्वतःचा इतका राग आला होता की तो कुठं काढावा कळत नव्हतं. मी म्हणाले, "मी आत्ताच्या आत्ता तुमचं ताट पहिल्या नंबरावर घालते. एक ओळ बदलली की झालं. कुणाला कळणार नाही."

"नको गं."

"का नको? अस्वल तरी कुठं खरं आहे?"

"ते खोटं हाये म्हणून माझं बी खोटं कर म्हणतेस?" त्यांनी माझा हात धरला. "दुकानात आमचे वडील दर सोमवारी मागच्या फळीवरचं एक ठाण काढून पुढं टांगायचे. विकलं तर विकलं. नाही तर दुसऱ्या सोमवारी दुसरं ठाण. कुठल्याच ठाणाला ते म्हणायचे नाहीत की तू चालत नाहीस. म्हणायचे, तुझी पाळी आली नाही अजून. तसं कर. एक दिवस समोर ठेव. मग उचलू दे, नाही तर राहू दे."

कॉलेजात मला चार वर्षं क्रमवारी लावायच्या नाना पद्धती शिकवल्या होत्या. त्यांतल्या एकीतही ही गोष्ट नव्हती. मी त्याच संध्याकाळी नवा प्रोग्राम लिहिला. आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर जाणारी कार्डं मोजायची नाहीत. मोजणी सुरुवातीपासूनची नाही, फक्त गेल्या सात दिवसांची. आणि यादीतल्या दहा जागांपैकी दहावी जागा कुणाच्याही आकड्यावर द्यायची नाही, ती पाळीची. रोज एक कार्ड, मागच्या पानांतलं, ज्याची पाळी असेल ते. पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या. चिठ्ठ्या अक्कांनी उचलल्या नाहीत, कॉलेजातल्या मुलीनं उचलल्या. तसं अक्कांनीच सांगितलं.

आता हे बॉसच्या कानावर घालणं आलं. तो त्याच यादीच्या जोरावर जाहिरातवाल्यांशी बोलत होता. मी आत गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"तू काय बोलून राहिली? म्हणजे ती अस्वलं आपणच पाठवली?"

"निम्मी आपण पाठवली, सर. उरलेली आपण पाठवली म्हणून गेली."

"आणि हे मी लोकांना पब्लिक डिमांड म्हणून सांगून राहिलो, बाप्पा!" त्यानं डोकं धरलं. मला वाटलं, आता अक्कांच्या आधी माझाच नंबर लागतो. लागला असता तर मी कुरकुर केली नसती. पण माणूस सच्चा होता. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाला, "महिना संपायला आठ दिवस आहेत. लाव तुझी नवी लिस्ट. पण महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर, ते मी बदलणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून भवानी बंद झाली. सकाळी सगळ्यांचे हात चुळबुळायचे. अस्वल दोन दिवसांत चौथ्या नंबरावर घसरलं. ते तिथंच टिकलं हेही सांगायला हवं, कारण काही लोकांना ते खरंच आवडत होतं. आधी ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशी दोन-तीन कार्डं वर आली. पाळीच्या जागेवरची पहिली पाच कार्डं मात्र कुणी ढुंकून बघितली नाहीत, दिवस संपला तशी मागं गेली. अक्कांच्या ताटाची पाळी सहाव्या दिवशी होती. पाचव्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी काहीच झालं नाही. अकरा वाजता पाच गेली. अक्का पाठ करून बसल्या होत्या आणि कुणीतरी मागितलेलं राखीचं कार्ड रंगवत होत्या. मी आकडा सांगायला गेले तर म्हणाल्या, "सांगू नको." दुपारी इथल्या ऑफिसांना जेवणाची सुट्टी झाली आणि आकडा चढायला लागला. लोक एकमेकांना शेजारच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, व्हाइटफील्डहून शहरात विचारत होते, ऊटा आय्ता? एकानं पाठवलं की ज्याला मिळालं तो साइटवर येऊन आणखी तिघांना पाठवायचा. असं अस्वलाच्या बाबतीत मी एकदाही पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी तिकडं अमेरिकेत सकाळ झाली आणि तिथून उलटी कार्डं सुटली.

कार्डाखाली उत्तर लिहायची सोय होती. ती उत्तरं पाठवणाऱ्याला जायची, पण एकानं आपलं उत्तर आमच्या ऑफिसच्या पत्त्यावरही धाडलं होतं. परगावी शिकायला गेलेला कुणी मुलगा होता. त्यानं लिहिलं होतं की तीन आठवड्यांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, आणि त्या दिवशी तो खरंच जेवला नव्हता. बॉसनं ती मेल कागदावर छापून घेतली, अक्कांच्या टेबलावर ठेवली आणि आत निघून गेला. अक्कांना इंग्रजी वाचायला वेळ लागायचा. त्यांनी बोट ठेवून ठेवून ते वाचलं. मग पदर तोंडाला लावला आणि रडल्या. मीही रडले, लाजले नाही.

सातव्या दिवशी ताट पाळीच्या जागेवर नव्हतं. ते स्वतःच्या पायांवर यादीत तिसरं होतं.

महिनाअखेरीला बॉसनं अक्कांना आत बोलावलं. त्या पर्स बरोबर घेऊन गेल्या. यादी काहीही सांगो, माळ्याची भीती माणसाला एवढ्यात सोडत नाही. वीस मिनिटांनी बाहेर आल्या आणि खुर्चीत बसल्या. मी धावत गेले.

"राहिले गं," त्या म्हणाल्या. "ती पण राहिली. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी, बाकीचे दिवस ती." अर्ध्या दिवसांची नोकरी म्हणजे अर्धीच, पण चित्राखालचं नाव अख्खं राहणार होतं, आणि अक्कांना तेच हवं होतं.

"आणखी काय म्हणाले?"

"दहा ताटं काढा म्हणाले. कॉफी झाली का, नाष्टा झाला का, झोप झाली का." बॉसची खोड जायची नव्हती. काल अस्वल, आज ताट. मला हसू आलं आणि संतापही आला.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, एक ताट पुरे. दुसरं काहीतरी काढते." त्यांनी कोरा कागद पुढं ओढला, पेन्सिलीला टोक केलं आणि कागदाकडे बघत बसल्या. नेहमी त्या लगेच सुरू करायच्या. पाच मिनिटं झाली तरी रेघ उमटेना, तेव्हा मी विचारलं, काय झालं, सुचत नाही का?

"सुचतंय की," अक्का म्हणाल्या. "पण आता कसलं बी काढलं तरी एक दिवस ते समोर लागणार. कुणीतरी बघणार. म्हणून स्वल्प नीट काढते."